सोंडे येतात कुठून?

घरातल्या किडींविषयी गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण तो या जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा आहे.

प्रश्न : आम्ही वर्षभराचा धान ढोलीत भरून ठेवतो. त्यात सोंडे क्वचितच दिसतात. पण त्याच धानाचा तांदूळ भरडून आणून डब्यात झाकून ठेवला, की पावसाळ्यात महिनाभरात सोंडे फिरायला लागतात. झाकण घट्ट असताना ते येतात कुठून? आणि धान सोडून तांदळालाच का लागतात? – एक गृहिणी, अर्जुनी मोरगाव

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, म्हणजे पहिल्याचं उत्तर सोपं होईल.

धानाच्या दाण्याभोवती जे तूस असतं, त्यात वाळूतली सिलिका भरपूर असते. तूस जाळलं की मागे जी राख उरते, तीही बहुतेक सिलिकाचीच. हे तूस दोन पाकळ्यांचं असतं आणि त्या पाकळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. सोंड्याची ताकद त्याच्या सोंडेच्या टोकाशी असलेल्या बारीक जबड्यात असते. नीट मिटलेलं तूस फोडून आत जाणं त्याला सहसा जमत नाही. ज्या दाण्याच्या पाकळ्या मळणीत चिरल्या किंवा मुळातच पुरत्या मिटल्या नाहीत, तेवढ्यातच त्याचा शिरकाव होतो. म्हणून ढोलीतल्या धानात सोंडे थोडे दिसतात, आणि राइस मिलमध्ये तूस निघाल्याबरोबर तोच दाणा त्यांना उघडा सापडतो.

आता ते येतात कुठून. सोंड्याची मादी तांदळाचा एक दाणा निवडते, सोंडेनं त्यात बारीक भोक पाडते, त्यात एकच अंडं घालते आणि आपल्या अंगातल्या चिकट स्रावानं भोकाचं तोंड बुजवून टाकते. हा स्राव वाळल्यावर दाण्याच्या रंगात मिसळून जातो. डोळ्याला काही कळत नाही. अंड्यातून निघालेली पांढरी, बिनपायाची अळी त्याच दाण्याच्या आत वाढते, आतच कोषात जाते आणि पूर्ण वाढलेला सोंडा झाली की दाण्याला भोक पाडून बाहेर येते. पावसाळ्यातल्या उबेत या साऱ्याला साधारण एक महिना लागतो. तुम्ही जो महिना म्हणता, तो हाच. डब्यात तुम्ही तांदूळ भरलात तेव्हा अंडी दाण्यांच्या पोटात होतीच. ती मिलमध्ये घातली गेली असतील, बारदान्यातल्या जुन्या सोंड्यांनी घातली असतील, किंवा डब्याच्या काठाशी साचलेल्या मागच्या तांदळाच्या भुकटीत दोन-चार सोंडे जगून राहिले असतील. हा किडा उडूही शकतो. एक मादी आपल्या चार-सहा महिन्यांच्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालते, तेव्हा सुरुवातीला दोन-चार असले तरी पुरतात.

पुढच्या वेळी सोंडे लागलेल्या तांदळातला मूठभर तांदूळ काळ्या ताटात पसरून बघा. काही दाण्यांना टाचणीच्या डोक्याएवढं, कडा कुरतडलेलं भोक दिसेल. तिथून सोंडा निघून गेला. काही दाणे धड दिसतात, पण नखानं दाबले की भुगा होतात. त्यांच्यात अळी अजून आहे. असा तांदूळ पाण्यात टाकला की तरंगतो, धुताना वर येतो तोच. सोंडा स्वतः दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी-काळा असतो, आणि भिंगातून पाहिलं तर त्याच्या पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके दिसतात.

पावसाळ्यातच ते का वाढतात, याचंही कारण आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सोंड्याची वाढ मात्र ३५ अंशांच्या वर जवळजवळ थांबते. जून संपता संपता हवा तीस अंशांखाली येते आणि दमट होते. तांदूळ हवेतला हा ओलावा शोषून घेतो. बारा टक्के ओलाव्यानं आणलेला तांदूळ उघड्या डब्यात चौदा टक्क्यांपर्यंत जातो, आणि दाणा जितका ओलसर तितकं अळीला कुरतडणं सोपं. नऊ टक्क्यांखालच्या दाण्यात सोंड्याची वीण होत नाही, पण एवढा कोरडा तांदूळ आपल्या पावसाळ्यात राहणार नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोंड्याच्या अंगावरचं ते टणक कवच तयार व्हायला जी अमिनो आम्लं लागतात, ती तांदळात फार थोडी असतात. ती त्याला पुरवतात त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू. कवच घडेपर्यंत हे जिवाणू भरपूर वाढलेले असतात, आणि कवच पक्कं झाल्यावर सोंडा त्यांना पचवून टाकतो. नुसत्या तांदळावर जगणाऱ्या किड्याला हे साधलं आहे.

मग करायचं काय? बहुतेक घरांत तांदूळ सुपात घेऊन उन्हात ठेवतात. सोंडे पळतात, पण दाण्याच्या आतल्या अळ्या तशाच राहतात आणि पंधरा दिवसांत नवे सोंडे बाहेर येतात. अळी मरायला दाणा आतून पन्नास अंशांच्या पुढे तापावा लागतो, आणि तेवढ्या कडक उन्हात तांदूळ चिरतो. मग शिजताना त्याचा मोकळा भात होत नाही, दाणे मोडतात. एचएमटीसारख्या बारीक तांदळाचं तर फारच नुकसान. नांदेडच्या, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या, दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेला हा वाण आज पूर्व विदर्भात घरोघरी शिजतो, आणि तो बारीक असल्यामुळेच लवकर तुटतो. म्हणून ऊन द्यायचं ते धानाला, तेही मळणीनंतर हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, हळूहळू. भर उन्हात घाईनं वाळवलेल्या धानाची मिलमध्ये कनकी जास्त निघते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको.

तांदळासाठी माझा सल्ला असा. एका वेळी महिना-दीड महिना पुरेल एवढाच धान भरडा. तूस हेच तुमच्या घरातलं सगळ्यात चांगलं औषध आहे, ते लवकर काढून टाकू नका. भरडलेला तांदूळ एका मोठ्या पिंपात ओतण्याऐवजी घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत किंवा स्वच्छ, पूर्ण वाळलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत काठोकाठ भरा. काठोकाठ म्हणते, कारण डब्यातली हवा जितकी कमी तितका त्यातला प्राणवायू लवकर संपतो. आत शिल्लक असलेल्या अळ्या आणि सोंडे श्वास घेऊन तो संपवतात आणि मग स्वतःच गुदमरून मरतात. एक डबा वापरायला काढला की बाकीचे उघडू नका, नाहीतर रोज नवी हवा मिळून सगळं पहिल्यासारखं होतं. धान्यासाठी हवाबंद प्लास्टिक पिशव्या हल्ली मिळतात, त्यांचं तत्त्वही हेच आहे. तांदूळ मात्र कोरडा हवा, नाहीतर बंद डब्यात बुरशी येते. थोडाच तांदूळ असेल आणि घरी फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात चार-पाच दिवस ठेवल्यानं अंडी-अळ्यांसकट सगळं मरतं. रिकामा डबा नुसता पुसून पुन्हा भरू नका. कोपऱ्यातली आणि काठाची भुकटी ब्रशनं काढा, धुवा, दिवसभर उन्हात तापू द्या.

कडुनिंबाचा वाळलेला पाला तांदळाच्या थरांत घालायला काही हरकत नाही. बाहेरून येणाऱ्या सोंड्यांना तो थोडाफार दूर ठेवतो. आतल्या अळीला त्याचं काही होत नाही. एरंडेल लावण्याची पद्धत तूर, मूग, हरभरा यांना उत्तम आहे. तिथे भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या पाठीवर अंडी चिकटवते, पांढरे ठिपके दिसतात ते, आणि तेलाच्या थराखाली ती अंडी गुदमरतात. तांदळात अंडं आतच बुजवलेलं असतं, म्हणून तेलाचा तिथे तसा उपयोग नाही. बोरिक पावडर मात्र तांदळात किंवा डाळीत घालू नका, ‘धुतली की निघून जाते’ असं कोणी कितीही सांगितलं तरी. ती किड्याच्या पोटात गेली तरच काम करते, दाण्याच्या आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही, आणि खाण्याच्या पदार्थात घालायची ती वस्तूच नव्हे.

धानाला सोंडा नसला तरी कीड नाही असंही नाही. ढोलीच्या तोंडाशी गव्हाळ रंगाची बारीक पाखरं उडताना दिसली तर ती धानाच्या पतंगाची. या किडीचं नाव फ्रान्समधल्या आंगुमुआ प्रांतावरून पडलं आहे. अठराव्या शतकात तिथल्या गव्हाची तिनं धूळधाण केली होती. तिची कोवळी अळी तुसाच्या फटीतून आत शिरते, आणि प्रादुर्भाव बऱ्याचदा शेतात उभ्या पिकातच सुरू झालेला असतो. समाधान एवढंच, की हे पाखरू नाजूक असतं, धानाच्या ढिगात खोल शिरू शकत नाही. नुकसान वरच्या वीतभर-हातभर थरात होतं. म्हणून ढोली भरली की वरून शेण-मातीनं लिंपून तोंड बंद करण्याची आपल्या जुन्या माणसांची पद्धत बरोबरच आहे, ती सोडू नका. वरचा थर आधी भरडायला काढा. आणखी एक किडा आहे, गोल नळीसारख्या अंगाचा, डोकं खाली दडवलेला. तो तूसही पोखरतो. धानाच्या तळाशी पिठासारखी भुकटी साचायला लागली तर तो आला असं समजा आणि धान ताबडतोब काढून वाळवा.

कनकीला जे जाळं लागतं, दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात, ते सोंड्याचं काम नव्हे. ते तांदळाच्या पतंगाच्या अळीचं. कनकी चाळा, गोळे बाहेर काढा, कोंबड्यांना घाला. हीच अळी प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवली जाते, हे बहुधा तुम्हाला ठाऊक नसेल. तिच्या पतंगाच्या अंड्यांमध्ये ट्रायकोग्रामा नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी आपली अंडी घालते, आणि ती अंडी कार्डावर चिकटवून शेतकऱ्यांना ट्रायकोकार्ड म्हणून दिली जातात. कार्डातून निघालेल्या माश्या धानाच्या शेतात खोडकिड्याची अंडी शोधून नष्ट करतात. कनकीच्या डब्यात नुकसान करणारी अळी शेतातला धान वाचवायलाही उपयोगी पडते.

शेवटची गोष्ट या प्रश्नात तुम्ही विचारलेली नाही, पण मला सांगितलीच पाहिजे. धान्यात ठेवायच्या ‘सल्फास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या घरात आणू नका. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. त्याला रंग नाही, हवेपेक्षा तो थोडा जड असतो, आणि त्यावर उतारा नाही. धान्याच्या खोलीशेजारी झोपलेली एकाच घरातली माणसं रात्रीतून दगावल्याच्या घटना देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. या गोळ्या वापरण्याची परवानगी सरकारी गोदामांना आणि परवानाधारक कीड-नियंत्रकांना आहे, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. ओळखीच्या दुकानातून कोणी सुट्या दोन गोळ्या आणून दिल्या तर त्या परत करा, उकिरड्यात किंवा विहिरीजवळ फेकू नका. पोतं-दोन पोती तांदूळ गेला तरी चालेल.

प्रश्न : मिरगाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांची गर्दी होते आणि सकाळी अंगणात पंखांचा खच पडतो. हीच उधई का? आमचं घर मातीचं, कवेलूचं आहे. सागाच्या लाकडांना वरून उधई लागते, पण आतला भाग ती खात नाही, असं का? – एक शिक्षक, सालेकसा

उत्तर : बहुतेक करून हो, ती उधई म्हणजे वाळवीच. मात्र पंखवाल्या मुंग्याही याच दिवसांत उडतात, म्हणून आधी ओळख पटवून घ्या. एक पाखरू तळहातावर घ्या. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, डोक्यावरच्या मिशा सरळ, तर वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर चिमटलेली आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, तर मुंगी. मुंगीचं काही करायची गरज नाही.

अंगणातल्या दिव्यावर आलेल्या वाळवीनं घाबरू नका. ती शेताच्या बांधावरच्या, जंगलातल्या वारुळांतून आलेली असते. नर-मादी पंख टाकतात, जोडीनं जमिनीत शिरतात आणि नवी वसाहत मांडायला बघतात. बहुतेकांना पक्षी, पाली, बेडूक खाऊन टाकतात. चिंता करायची ती घराच्या आत, एखाद्या चौकटीच्या फटीशी किंवा भिंतीच्या बुडाशी पंखांचा ढीग दिसला तर. म्हणजे ती पाखरं तुमच्याच घरातून निघाली.

सागाचं म्हणाल तर तुमचं निरीक्षण अचूक आहे. सागाच्या पिवळ्या-तपकिरी गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात आणि वाळवीला ती सोसत नाहीत. बाहेरचा पांढरट, कोवळा भाग मात्र तिला आवडतो. जुन्या घरांत झाडाचा गोल सोट तसाच वापरलेला असला की वरचा थर ती खाते आणि गाभ्याशी थांबते. हल्ली लवकर तोडलेल्या बारीक सागात पांढरा भागच जास्त असतो, त्यामुळे ‘सागाची चौकट आहे’ या भरवशावर राहू नका. विकत घेताना कापलेल्या टोकाकडे पाहा. गडद भाग किती आणि पांढरा किती, ते तिथे स्पष्ट दिसतं.

वारूळ बांधणारी आपल्याकडची वाळवी लाकूड नुसतं खात नाही. ते चावून वारुळात नेऊन त्याच्यावर बुरशीची शेती करते आणि ती बुरशी खाते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या आपण बाजारातून चढ्या भावानं आणतो, त्या याच बुरशीच्या छत्र्या.

घरातल्या वाळवीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि अंधार. भिंतीवरून जाणारी मातीची नळी तिनं त्यासाठीच बांधलेली असते. उघड्या हवेत तिचं मऊ अंग लगेच वाळतं. म्हणून ओल तोडणं हा खरा उपाय. मे महिन्यात कवेलू फेरताना गळणाऱ्या जागा बंद करा. सरपण आणि जुनी लाकडं भिंतीला टेकवून रचू नका. ज्या लाकडाचं टोक थेट जमिनीत गेलं आहे त्याच्याखाली दगड किंवा सिमेंटचा ठोकळा द्या. नळी एका जागी बोटभर मोडून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. दुरुस्त केलेली दिसली तर वाळवी चालू आहे, तशीच राहिली तर ती वाट सोडलेली आहे. मोडलेल्या नळीवर रॉकेल ओतल्यानं ती चार दिवस थांबते, मग बाजूनं दुसरी वाट काढते.

वाळवी खूप पसरली असेल तर भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे साधारण फूट-फूट अंतरावर भोकं पाडून जमिनीत औषध सोडावं लागतं. या कामासाठी भारतीय मानक ६३१३ आहे, ठेकेदाराला त्याप्रमाणे करायला सांगा. क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड ही हल्लीची औषधं. आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर यांच्यावर बंदी आहे, आणि बीएचसी पावडर तर १९९७ पासून बंद आहे. तरी एखाद्या कोपऱ्यात जुना डबा सापडतो आणि लोक तो वापरतात. तुमच्या अंगणात विहीर असेल तर ठेकेदाराला ती आधी दाखवा. क्लोरपायरिफॉस माशांना फार घातक असतं आणि विहिरीजवळ ते जमिनीत सोडू देऊ नका.

प्रश्न : आमच्या गावात फवारणीवाले येऊन गेले. पुढच्याच आठवड्यात पोळ्यासाठी मी भिंती सारवल्या. डास पुन्हा तेवढेच. औषध खोटं होतं का? – एक वाचक भगिनी, देवरी तालुका

उत्तर : औषध खोटं नव्हतं, बाई, ते सारवणाखाली दबलं. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या तुमच्या जंगलपट्ट्यात मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलीस डासाची मादी रक्त पिऊन झालं की घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीवर विसावते. औषध भिंतीवर मारतात ते त्यासाठीच. उडणाऱ्या डासावर नेम धरून ते मारलेलं नसतं, भिंतीवर बसलेल्या मादीच्या पायांना ते लागतं. फवारलेला थर उघडा राहिला तर आठवड्यानुआठवडे काम करतो. त्यावर शेण-मातीचा किंवा चुन्याचा हात फिरला की मादी स्वच्छ भिंतीवर बसते. तेव्हा फवारणीची तारीख आशाताईंकडून आधी विचारून घ्या आणि सारवण त्याआधी उरका. नंतर निदान अडीच-तीन महिने भिंतींना हात लावू नका. जमीन सारवायला हरकत नाही. गोठाही फवारून घ्या, देवघराची खोली वगळू नका.

मलेरियाचा डास ओळखायचा असेल तर तो बसलेला पाहा. शेपटीकडचा भाग वर उचलून, भिंतीशी तिरका बसतो. गटारीवरचा साधा डास भिंतीला समांतर बसतो. अंगावर पांढरे पट्टे असलेला आणि दिवसा चावणारा तो डेंग्यूचा. तो कूलरमध्ये, टायरमध्ये, पाण्याच्या रांजणात वाढतो. अ‍ॅनोफिलीस मात्र धानाच्या बांधीत, तलावाच्या काठाशी, नाल्याच्या संथ पाण्यात वाढतो. या जिल्ह्यात बांध्या आणि तलाव बुजवणं कोणाच्या हातात नाही, म्हणून मच्छरदाणीवर माझा सगळ्यात जास्त भर आहे.

सरकारी मच्छरदाणीच्या धाग्यातच औषध असतं. सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा, कडक उन्हात नको. वीस वेळा धुतली तरी तिचं काम चालतं. तिचं जाळं करून तलावात मासे धरू नका, ते औषध माशांना मारतं. आणि तिच्या कडा गादीखाली, चटईखाली नीट खोचा. याचं दुसरं कारण मलेरियाइतकंच मोठं आहे. पावसाळ्यात उंदीर आणि पाली घरात येतात, त्यांच्या मागावर मण्यार येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दात इतके बारीक की जखम दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं. नेपाळच्या तराईत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण ठळकपणे कमी आढळलं. तराईतही धान, पावसाळा आणि मातीची घरं आपल्यासारखीच. तेव्हा खोचलेली मच्छरदाणी आणि शक्य असेल तर खाट. सकाळी कारण न समजता पापण्या जड झालेल्या माणसाला भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात न्या. भारतात मिळणारी सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते.

प्रश्न : घरात चिचुंद्री आहे. उंदराचं औषध ठेवू का? – एक वाचक, तिरोडा

उत्तर : नको. चिचुंद्री हा उंदीरच नव्हे. तिचं तोंड लांब आणि टोकदार, डोळे अगदी बारीक, अंगाला उग्र वास. ती भिंतीच्या कडेकडेनं पळते आणि बारीक चिरका आवाज काढते. तिचं मुख्य खाणं म्हणजे झुरळं, रातकिडे, किडे-मकोडे. अन्न झाकून ठेवा, दाराखालची फट बंद करा, ती आपोआप कमी येईल.

उंदरांचा त्रास खराच असेल तर आधी बिळं आणि फटी पाहा. लहान उंदीर करंगळीएवढ्या भोकातून आत येतो. धानाच्या ढोलीजवळ जमीन उकरून मातीचा ढीग दिसला तर ती घूस. ती धान बिळात साठवते. पिंजरा आणि फटींवर सिमेंट किंवा पत्रा, हा पहिला उपाय. औषध लावायचंच तर ब्रोमॅडिओलोनच्या वड्या, मुलं आणि कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा बंद खोक्यात. काळं औषध म्हणजे झिंक फॉस्फाइड एकदा चाखून आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. मेलेला उंदीर खोल पुरा, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला तर त्यांनाही धोका असतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट भाकरीला लावून ठेवण्याची सवय मात्र कृपा करून सोडा. ती यकृत निकामी करते, आणि अंधारात तेजाळते म्हणून मुलांचं लक्ष तिच्याकडे जातं.

प्रश्न : गोंदियात फ्लॅटमध्ये राहतो. दर आठवड्याला झुरळांवर स्प्रे मारतो, तरी ती जात नाहीत. – एक वाचक, गोंदिया

उत्तर : कोणती झुरळं आहेत, ते आधी बघा. मोठी, तांबडी, रात्री न्हाणीघराच्या जाळीतून येणारी असतील तर जाळीवर बारीक झाकण बसवा आणि रात्री ती बंद ठेवा, काम भागेल. लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेषा असलेली आणि गॅसच्या शेगडीखाली, मिक्सरच्या मागे, फ्रीजच्या रबरात लपणारी असतील तर ती घरातच वीण करतात. त्यांची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी फुटेपर्यंत पोटाशी घेऊन फिरते, आणि फटीच्या आत स्प्रे पोहोचत नाही. स्प्रे बंद करा. फटींच्या तोंडाशी, बिजागऱ्यांच्या आत, शेगडीच्या मागे जेलचे मुगाच्या दाण्याएवढे ठिपके लावा. जेल खाल्लेलं झुरळ फटीत जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा खाऊन पिल्लंही मरतात. जेल लावलेल्या जागी स्प्रे किंवा फिनाइल मारलं तर झुरळं त्याला शिवत नाहीत. रात्री ओटा कोरडा ठेवा, कचऱ्याची बादली झाका, आणि दोन आठवड्यांनी ठिपके पुन्हा लावा, कारण पहिल्या वेळी पिशवीत असलेली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात.